जावयासाठी आरपार कॉम्प्युटर

पाटीवाल्यांनी जेवणाच्या टेबलावरचा पाण्याचा जग, लोणच्याची बरणी आणि बाईंचा चष्मा एका हाताने बाजूला सारला आणि दुसऱ्या हाताने तिथे उंदराचं घरटं ठेवलं. घरट्याभोवती कॉम्प्युटर होता. म्हणजे एकेकाळी होता. आता नुसता गंजलेला पत्रा, आत कातरलेल्या कागदाची गादी, आणि गादीवर झोपणारे बहुतेक नुकतेच उठून गेलेले.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"जावयासाठी आहे."

"उंदीर?"

"कॉम्प्युटर. आपल्या दुकानातला पहिला. माळ्यावर पडला होता."

"मग तिथेच बरा होता की. कोणाच्या तरी उपयोगाला येत होता."

पाटीवाल्यांचा धंदा दुकानांच्या पाट्या बनवायचा. काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या ॲक्रिलिकच्या शीट घ्यायच्या, कापायच्या, कोरायच्या, रंगवायच्या. त्यामुळे गल्लीत ते पाटीवाले आणि त्या पाटीवालीणबाई. एवढं लांबलचक नाव हाक मारायला परवडत नाही म्हणून नुसतं बाई.

तर या दोघांची एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती आणि नवऱ्याला घेऊन चार दिवस राहायला यायची होती. यात रडण्यासारखं काही नव्हतं. रडण्यासारखं पुढे होतं. लेकीचा फोन आला, "आई, चिडू नकोस. आम्ही या वेळी हॉटेलात उतरतो."

बाईंच्या हातातली कढई सिंकमध्ये पडली. "माहेरी येऊन हॉटेलात?"

"अगं, त्याला आपल्याकडे अवघडल्यासारखं होतं. बाबा समोर खुर्ची टाकून बसतात आणि त्याच्याकडे बघत राहतात."

हे खरं होतं. पण पाटीवाल्यांचीही बाजू होती. जावई बोलतच नसे. मुलगा गुणी, चष्मेवाला, स्वच्छ नखांचा, पण तोंडात मोजून तीन शब्द. हो, नको आणि चालेल. मागच्या खेपेला पाटीवाल्यांनी हवापाण्याचा विषय काढला, रस्त्यांचा काढला, शेवटी हात जोडायच्या बेतात येऊन विचारलं, "ऑफिसात काय करता?" जावई बराच वेळ विचार करून म्हणाला, "बसतो." त्या दिवशी एक नवीन शब्द ऐकायला मिळाला म्हणून पाटीवाल्यांनी शेजाऱ्यांना पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

"पहिल्या दिवशी घरी येतो, जेवतो," लेक म्हणाली. "त्याला बरं वाटलं तर राहू. नाही वाटलं तर संध्याकाळी हॉटेलात. खोली सांगून ठेवते."

फोन ठेवल्यावर बाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. ते जास्त वाईट होतं.

"अहो, लेक माझ्या घरात झोपली नाही ना, तर तुम्हीही झोपणार नाही. सांगून ठेवते."

तेव्हा पाटीवाल्यांनी लेकीला परत फोन लावला आणि वकिलासारखी उलटतपासणी घेतली. जावई आयुष्यात कधी, कुठे, कशावर बोलला? लेकीने फार आठवून सांगितलं, "एकदा बोलला होता. लहानपणी त्याच्या काकाकडे जुना कॉम्प्युटर होता. फ्लॉपी घालायचे ना तसला. त्यावर गाडीचा गेम होता. त्याच्याबद्दल सलग बोलला. बस येईपर्यंत."

"बस किती वेळाने आली?"

"लगेच आली, बाबा."

एवढा पुरावा पाटीवाल्यांना पुरला. तसाच कॉम्प्युटर त्यांच्याकडे होता, गाडीच्या गेमची फ्लॉपीही होती, आणि उंदीरही होते. उंदरांना नोटीस दिली, पत्र्याची पेटी गंजून चाळण झाली होती ती भंगारात टाकली.

"पेटी मी बनवतो," ते म्हणाले. "आरपार. आतली वायर न् वायर दिसली पाहिजे. तो बघेल, मग विचारेल, मग मी सांगेन. झालं बोलणं सुरू."

"आत काय असतं ते तुम्हाला कळतं?"

"तो विचारेल तेव्हा बघू."

त्यांनी कुठली वायर कुठून निघाली तिथे रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, सगळा ऐवज बाहेर काढला आणि टूथब्रशने घासून लख्ख केला. टूथब्रश कोणाचा होता हे बाईंना सकाळी कळलं. तोंडात गंजाची चव आली, पण त्यांनी चूळ भरली आणि कामाला लागल्या. लेकीसाठी आईबाप काय काय सोसतात.

आता इथे पाटीवाल्यांच्या हाताची एक खोड सांगायला हवी. आरपार पाटी बनवणारा माणूस समोरून कधी लिहीत नाही. समोरून लिहिलं तर पावसापाण्याने रंग जातो. तो शीटच्या पाठीमागून लिहितो, सगळं उलटं, म्हणजे पुढून बघणाऱ्याला सुलटं दिसतं. पाटीवाल्यांचा अख्खा जन्म असा मागच्या बाजूने गेला होता. त्यांचा हात इतका उलटा वळला होता, की लग्नाच्या नोंदणीला त्यांनी सही केली तेव्हा ती वाचायला साहेबांना आरसा मागवावा लागला. साहेब म्हणाले, लग्न झालं की मोडलं ते आरशातच बघून सांगतो. असं बाई सांगतात. बाईंच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, उरलेलं निम्मं खरं असतंच असं नाही.

पण पेटीचं जे झालं ते शंभर टक्के खरं. पाटीवाल्यांनी जुन्या पत्र्याचं माप काढलं, शीटवर आखलं, भोकं पाडली, कडा घासून आरशासारख्या केल्या. एक बाजू कमी पडली तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात कागद चिकटवलेली एक शीट उभी होती, ती कापून आणली. वरचं झाकण सोडून सगळं औषधाने चिकटवलं. पेटी अशी झाली की बाईंनीसुद्धा मान्य केलं, "ही नुसती रिकामी ठेवली तरी शोभेल."

मग त्यात मदरबोर्ड बसवायला गेले. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरची ती हिरवी पाटी, जिच्यावर सगळं असतं. ती बसेना. डावीकडून लावली, बसेना. उजवीकडून लावली, बसेना. पाटीवाले मागे सरकले, पेटीकडे बघितलं, हातातल्या बोर्डाकडे बघितलं आणि खुर्चीत बसले.

"काय झालं?"

"डावीकडची भोकं उजवीकडे झालीत."

"सगळी?"

"सगळी. सवयीने शीट पालथी करून आखली."

बाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला, तरी त्यातून हसू आलंच. "अहो, मग काढा आणि नीट चिकटवा."

"ते औषध डिंकासारखं नसतं. दोन शीट एकमेकींत विरघळून एक होतात. आता ही पेटी फुटेल, पण सुटणार नाही."

"आपल्यासारखं," बाई म्हणाल्या.

शेवटी पाटीवाल्यांनी डोकं लढवलं. पेटी उलटी आहे ना, मग आतलंही उलटं बसवू. बोर्ड पालथा घातला, फ्लॉपीचा खण मागे नेला, पंखा जिथे भोक होतं तिथे जसा बसेल तसा बसवला. बसलं सगळं. फक्त कॉम्प्युटरची पाठ पुढे आली आणि तोंड मागे गेलं. खेळणाऱ्याच्या समोर वायरींचं जंजाळ, आणि फ्लॉपी घालायची तर उठून पलीकडे जायचं.

पलीकडे भिंत होती. म्हणून टेबल भिंतीपासून सोडवलं आणि खोलीच्या मधोमध आणलं. मधोमध टेबल आलं तर सोफा मावेना. सोफा बोळात गेला. बोळात सोफा आला तर बाथरूमचं दार अर्धंच उघडायला लागलं, म्हणून अंघोळीला जायचं म्हणजे सोफ्यावर चढायचं, पाठीवरून पलीकडे उतरायचं आणि पोट आत ओढून शिरायचं. टीव्ही काढला तो पाहुण्यांच्या पलंगावर ठेवला. त्याच्या शेजारी कपबशांचं कपाट आडवं झोपवलं. पाहुण्यांना राहतं करण्यासाठी सगळं चाललं होतं आणि पाहुण्यांना टेकायला जागा उरली नव्हती. पण हे बाईंच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

ज्या दिवशी लेक यायची त्या दिवशी दुपारी कॉम्प्युटर चालू झाला. आधी खाकरला, मग घरघरला, मग फ्लॉपीने अशी कुरकुर केली की माळ्यावरचे उंदीर आठवले. आणि स्क्रीनवर चौकोनी रस्ता आला, त्यावर चौकोनी गाडी आली. पाटीवाल्यांनी पेटीत निळ्या दिव्यांची पट्टी लावली, शीटवरचे कागद सोलून काढले आणि पडदे सरकवून खोली अंधारी केली. रस्त्याकडच्या खिडकीचा तेवढा पडदा धुवायला काढला होता, ती उघडीच राहिली. मधोमध निळी पेटी अशी पेटली की जणू स्वर्गातून मासे ठेवायची टाकी खाली पडलीय.

"आता याला कोणी हात लावायचा नाही," पाटीवाले म्हणाले. "बंद पडला तर परत चालू होईल याची खात्री नाही. कसा चालू झाला तेच मला माहीत नाही."

दाराची बेल वाजली. बाई केस सारखे करत धावल्या. दारात लेक नव्हती. एक आडदांड माणूस उभा होता, खाकी शर्ट, बसच्या ड्रायव्हरचा. पाय फाकवून उभा होता आणि चेहरा असा, की दोन्ही बुटांत खडे आहेत पण काढायची चोरी आहे.

"बाहेर पाटी दिसली," तो हळूच म्हणाला. "म्हणून आलो."

पाटीवाल्यांची छाती फुगली. घरी बसून गिऱ्हाईक येतंय म्हणजे नाव झालं. "या, या. आत या. घरी मी सहसा करत नाही, पण आलाच आहात तर बघून टाकू."

"इथेच?"

"इथेच. बसा."

"नको, उभाच बरा." बसवाल्याने निळ्या पेटीकडे घाबरून बघितलं. "मशीन नवीन दिसतंय."

"जुनंच आहे. मी स्वतः जोडलंय."

बसवाल्याने पेटीतल्या वायरी निरखल्या. "बरीच वर्षं करताय का हे काम?"

"जन्म गेला यात. आधी माप घेऊ. मोठं आहे की छोटं?"

"मला... दिसत नाही ना ते."

"जागा दाखवा, मी सांगतो. उजेड पुरेसा येतो का तिथे?"

बसवाला दाराकडे सरकायला लागला. बाईंना काहीतरी चुकतंय असा वास आला. त्या मध्ये पडल्या. "दादा, तुम्हाला पाटीवर नक्की काय लिहून हवंय?"

"मला कशाला लिहून हवंय, वहिनी? तुमच्याच खिडकीत लिहिलंय ना, लाजू नका म्हणून. मी वळणावर गाडी उभी करून तीन फेऱ्या मारल्या. मग म्हटलं, एवढं म्हणतायत तर नाही लाजत."

पाटीवाले चपला न घालता रस्त्यावर गेले. नेमकी तेव्हाच रिक्षा थांबली आणि लेक-जावई उतरले. बाईंनी लेकीला दारातच मिठी मारली आणि सरळ स्वयंपाकघरात ओढली, कारण बोळात सोफा का आहे हे जावयासमोर सांगण्यासारखं नव्हतं. जावई हातात छोटी बॅग घेऊन अंधाऱ्या निळ्या खोलीत शिरला. चष्मा, नीट भांग, स्वच्छ नखं. बसवाल्याने त्याला बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. अनवाणी पळालेला तो कंपाउंडर असणार. खरे डॉक्टर हे.

"डॉक्टर, सांगू का?" बसवाल्याने विचारलं.

जावयाने इकडेतिकडे बघितलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. "हो," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारातून बाई कान लावून ऐकत होत्या आणि लेक आईच्या खांद्यावरून.

"आता काय आहे, आमची नोकरी बसून करायची," बसवाला सांगत होता. "सीट म्हणजे नुसतं लाकूड. रस्त्यात खड्डा आला की पॅसेंजर शिव्या घालतात, मी नाही घालत. मी डोळे मिटतो. ड्रायव्हरने डोळे मिटावेत का, तुम्हीच सांगा."

"नको."

"तेच ना. बायको म्हणते तिखट सोडा. सोडू?"

"चालेल."

"सोडलं. पण ऑपरेशनचं मला सांगू नका बरं का. माझा मेव्हणा करून आला, त्याला महिनाभर उशीवर उशी ठेवून बसवायचो, जेवताना त्याचं ताट आमच्या डोक्याच्या वर असायचं. मला करावं लागेल?"

जावयाने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याला माणसाचं वाईट वाटलं असावं. "नको," तो म्हणाला.

बसवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर, चार ठिकाणी गेलो. सगळे मध्ये मध्ये बोलतात. तुमच्यासारखं ऐकून कोणी घेतलं नाही."

"आई," लेक कुजबुजली, "हा माणूस कोण आहे?"

"कोणीतरी आहे बाई. पण बघ, जावईबापू बोलायला लागले."

एवढ्यात मागच्या दाराने पाटीवाले आले. चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्यांनी बाईंना कोपऱ्यात घेतलं.

"अगं, घात झाला. ती कोपऱ्यातली शीट."

"कुठली?"

"पेटीला एक बाजू कमी पडली, ती कापून आणलेली. ती मूळव्याधीच्या डॉक्टरांची पाटी होती."

झालं होतं असं. त्या डॉक्टरांनी मोठी पाटी करायला दिली होती आणि निम्म्यातच नको म्हणून सांगितलं. म्हणाले, एवढ्या मोठ्या पाटीखालून आत शिरताना माणूस गावभर दिसतो, पेशंट पलीकडच्या फुटपाथने निघून जातात, मला छोटी द्या. रंग भरायचा राहिलेला, नुसती अक्षरं कोरलेली. तशी ती दिसत नाहीत. पण कोरलेल्या रेघेत उजेड अडकतो. मागे दिवा लावला की अक्षरं पेटून उठतात. पाटीवाले आयुष्यभर याच युक्तीवर जेवत होते. आणि ती बाजू बसली होती नेमकी खिडकीकडे. घरात बसणाऱ्याला मध्ये बोर्ड आणि वायरी आड येत होत्या, रस्त्यावरच्याला मात्र वळणापासून निळंशार दिसत होतं: मूळव्याध, भगंदर, फिशर. लाजू नका, सरळ आत या.

"सुलटं दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"एकदम सुलटं. माझ्या हातून तेवढंच एक नीट झालंय." पाटीवाल्यांनी कपाळ पुसलं. "समोरच्या फुटपाथवर आणखी दोघं उभे आहेत. एकमेकांकडे न बघता."

"मग तो दिवा बंद करा ना."

"दिव्याची आणि कॉम्प्युटरची वायर एकच आहे. दिवा गेला तर सगळंच जाईल."

"आणि नाही गेला तर लेक जाईल. जावई काय म्हणेल, सासऱ्याने घरात दवाखाना काढला, तोही असला."

बाईंनी पुढचा विचार केला नाही. विचार करत बसल्या असत्या तर त्यांचं लग्नच झालं नसतं. त्यांनी धुवायला काढलेला नायलॉनचा पडदा उचलला, तरातरा खोलीत गेल्या आणि "डास फार झालेत हो" असं काहीतरी म्हणत पेटीवर फेकला. आरपार पेटी बघता बघता झाकली गेली.

आता पंखा. कॉम्प्युटरचा पंखा आतली गरम हवा बाहेर टाकतो. पण हा बसला होता उलटा, तो बाहेरची हवा आत ओढत होता, आणि हवेबरोबर आता त्याला पडदा मिळाला. त्याने पडद्याचं टोक धरलं आणि ओढायला सुरुवात केली. बाईंनी दुसरं टोक धरलं. बाई म्हणतात, पडद्याबरोबर त्याही टेबलापर्यंत ओढल्या गेल्या आणि बसवाल्याने कमरेला धरलं नसतं तर त्या आज फ्लॉपीत असत्या. यातलं निम्मं सोडून द्या. पडदा मात्र खरोखर अर्धा आत गेला. पंखा गुरगुरला, जळका वास सुटला, पेटीतून किंचाळल्यासारख्या तीन शिट्ट्या आल्या आणि निळा उजेड विझला. स्क्रीनवरची चौकोनी गाडी गेली. चौकोनी रस्ताही गेला.

लेकीने दुसऱ्या खिडकीचा पडदा उघडला तेव्हा खोलीच्या मधोमध एक आरपार पेटी होती आणि तिच्या पोटात गुलाबी फुलांचा पडदा पीळ घालून बसला होता, आणि आरपार असल्यामुळे फूल न् फूल दिसत होतं. पाटीवाले पेटीकडे बघत नव्हते. ते जावयाकडेही बघत नव्हते. ते आपल्या हातांकडे बघत होते.

"बाबा, असू द्या," लेक हळू आवाजात म्हणाली. "जेवून आम्ही निघतो. खोली सांगून ठेवलीच आहे."

बाई खाली बसल्या. जवळ खुर्ची नव्हती, जमिनीवर बसल्या.

जावयाने हातातली बॅग खाली ठेवली. तो पेटीजवळ गेला, गुडघ्यांवर बसला, चष्मा वर सरकवला आणि एका बाजूने बघितलं. मग दुसऱ्या बाजूने. मग टेबलाखाली आडवा होऊन खालून बघितलं. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते.

"बाबा," टेबलाखालून आवाज आला, "पंखा उलटा बसलाय."

पाटीवाल्यांना वाटलं बसवाला बोलला. पण बसवाला तोंड उघडं टाकून उभा होता.

"बोर्डही उलटा आहे," आवाज म्हणाला. "फ्लॉपीचा खण उलटा आहे. तुम्ही सगळंच उलटं केलंय, आणि तरी हे चालत होतं. हे चालायलाच नको होतं. मी असलं आयुष्यात बघितलेलं नाही." जावई टेबलाखालून बाहेर आला. केस विस्कटलेले, नाकाला धूळ, आणि डोळे असे की मुंडावळ्यांतही असे नव्हते. "चालू असता तर मी एक गेम खेळलो असतो आणि छान म्हटलं असतं. पण हा का चालत होता ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही. स्क्रू ड्रायव्हर आहे का? छोटा. चुंबकाचा नको. आणि उजेड. आणि त्या तीन शिट्ट्या लांब होत्या की आखूड, कोणाच्या लक्षात आहे का?"

"पहिली लांब, दोन आखूड," बसवाला म्हणाला. "डॉक्टर, पण माझं काय?"

"मी डॉक्टर नाहीये, काका, मी आमच्या ऑफिसात बसतो, पण तुम्ही जे सीटचं सांगितलंत त्याच्यावर माझा एक विचार झालाय, तो मी सांगतो, फक्त आधी हा पडदा धरा, असा, ओढू नका, हळूहळू पंख्याच्या विरुद्ध दिशेने फिरवत आणा."

पाटीवाल्यांनी बसवाल्याला खऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. "चौकात वळलात की तिसरं दार. पाटी अगदी छोटी आहे, शोधावी लागेल. मीच केलीय." पण पडदा सोडवेपर्यंत बसवाला काही गेला नाही. गेला तेव्हा समोरच्या फुटपाथवरच्या दोघांनाही बरोबर घेऊन गेला. तिघं थोडं थोडं अंतर ठेवून चालत होते.

जेवण झालं ते उभ्याने झालं, कारण टेबलावर स्क्रू मांडले होते आणि खुर्च्यांवर वायरी. जावयाने एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने बोर्ड धरला होता, आणि घास आणि बोर्ड यांच्या मधल्या जागेतून तो बोलत होता. काकाच्या कॉम्प्युटरबद्दल बोलला. काकाबद्दल बोलला. काकूबद्दल बोलला, जे बोलायला नको होतं तेही बोलला. लग्नात पाटीवाल्यांनी दारावर लावलेली पाटी त्याला फार आवडली होती, पण तेव्हा बोलायला सुचलं नव्हतं, म्हणून आत्ता बोलला. पाटीवाले त्याच्या शेजारी ताट धरून उभे होते आणि मुलगा पहिल्यांदा चालायला लागल्यावर बाप बघतो तसे बघत होते.

"जावईबापू, झोपायचं काय करायचं?" बाईंनी विचारलं. "म्हणजे राहणार ना तुम्ही?"

"राहणार म्हणजे काय, आई, आत्ता तर कुठे बोर्ड सुटा झालाय," जावई म्हणाला आणि बोर्ड सुटा होण्याचे फायदे सांगायला लागला.

बाईंचं काळीज निवलं. लेक घरात राहणार. त्या आनंदाने पाहुण्यांच्या खोलीत गेल्या आणि परत आल्या. पलंगावर टीव्ही होता, टीव्हीला टेकून कपाट होतं, कपाटावर जावयाने पेटीचं झाकण धुऊन नुकतंच वाळत घातलं होतं. सोफा बोळात होता आणि त्यावर आता पंखा उघडून ठेवला होता. बाईंच्या स्वतःच्या खाटेवर दुकानातून आणलेल्या नव्या शीट होत्या, कारण सासरे-जावयांनी दुसरी, सुलटी पेटी करायचं ठरवलं होतं.

लेकीचा फोन वाजला. हॉटेलवाला विचारत होता, खोली ठेवायची की सोडायची.

लेकीने आईकडे बघितलं. आईने बोळातल्या सोफ्याकडे बघितलं.

"पलंग कसा आहे विचार," बाई म्हणाल्या.

सकाळी बाई हॉटेलच्या मऊ गादीवर उठल्या, तेव्हा चहा दारात आला होता. तो त्यांनी केला नव्हता. कपही त्यांना धुवायचा नव्हता. बाथरूमला जाताना वाटेत चढायला काही नव्हतं. मायलेकी खिडकीशी बसून गप्पा मारत होत्या, लग्न झाल्यापासून मारल्या नव्हत्या तेवढ्या, आणि फोन वाजला. पाटीवाल्यांचा होता. आवाज अगदी खालच्या पट्टीत, चोरून केल्यासारखा. मागून जावयाचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबणारा, नळ उघडा राहिल्यासारखा.

"अगं, पोरी," पाटीवाले कुजबुजले, "हा सकाळी डोळे उघडल्यापासून बोलतोय. मी तोंड धुवायला गेलो तर सोफ्यावर चढून मागे आला. याला गप्प कसं करतेस तू?"

लेकीने थोडा विचार केला. "मला काय माहीत, बाबा? माझ्यावर ती वेळ कधी आलीच नाही."

बाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. "ऐका, बोलता कोणी केला? तुम्ही ना? मग ऐका आता," त्या म्हणाल्या. "आम्ही आणखी दोन दिवस इथेच आहोत." आणि फोन पालथा ठेवून त्यांनी चहावाल्याला अजून दोन कप सांगितले.